फॉर्मवरचं 'नाही'

आपल्या त्र्यंबकमध्ये तीर्थोपाध्यायांसमोर बसलेला यजमान गोत्र, गाव, पणजोबांचं नाव, कोण कधी गेलं, सगळं खरं सांगतो. नामावळीत खोटं नाव लिहून घ्यायची कुणाची छाती नाही. तोच माणूस विम्याच्या फॉर्मवर मात्र "पूर्वी काही आजार?" या प्रश्नापुढे बिनधास्त 'नाही' लिहू देतो. लिहू देतो म्हटलं, कारण पेन बहुतेक वेळा एजंटच्या हातात असतं. "काका, शुगरचं लिहायला नको, हप्ता वाढेल." सिंहस्थ तोंडावर आहे, लॉजवाले-दुकानदार विम्याचं बघतायत, म्हणून हा जुना इतिहास मांडतोय.

विम्यातल्या खरेपणाचा कायदा उभा राहिला तो सुमात्रा बेटावरच्या इंग्रजांच्या किल्ल्यावरून. फोर्ट मार्लबरोचा गव्हर्नर जॉर्ज कार्टर याने, शत्रूने किल्ला घेतला तर भरपाई मिळावी म्हणून लंडनमध्ये विमा उतरवला. 1760 मध्ये फ्रेंचांनी किल्ला घेतला. विमा देणारा म्हणाला, किल्ला कमकुवत आहे हे तुम्ही लपवलंत! 1766 मध्ये लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी तत्त्व सांगितलं: जोखीम काय आहे ते विमा घेणाऱ्यालाच जास्त ठाऊक असतं, म्हणून त्याने ते सांगितलं पाहिजे. पण गंमत बघा, निकाल गेला विमा देणाऱ्याच्या विरोधात. किल्ल्याची अवस्था त्याला चौकशी करून कळण्याजोगी होती, त्याने विचारलंच नाही. म्हणजे बंधन दोघांवर. हा अर्धा भाग आपल्याकडे कुणी सांगत नाही.

इकडे गोऱ्या कंपन्या हिंदी माणसाच्या जिवाला कमी प्रतीचा समजून जादा हप्ता घ्यायच्या. 1870 मध्ये बॉम्बे म्युच्युअलने तो भेद मोडला. 1913 मध्ये अण्णासाहेब चिरमुल्यांनी साताऱ्यात वेस्टर्न इंडिया काढली. पण फॉर्मखाली एक ओळ असायची: वरची उत्तरं हाच कराराचा पाया. एखादं किरकोळ उत्तर चुकलं, तरी कंपनी वर्षानुवर्षं हप्ते घेऊन ऐन वेळी हात वर करू शकायची. त्याला आळा घातला 1938 च्या विमा कायद्यातल्या कलम 45 ने. दोन वर्षं उलटल्यावर नुसती चूक दाखवून चालणार नाही, महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून, फसवण्यासाठी लपवली हे कंपनीने सिद्ध करायचं.

आणि तशी एक केस सिद्ध झालीसुद्धा. पॉलिसी 1945 ची, मुंबईच्या ओरिएंटल कंपनीची, 25,000 रुपयांची. तेव्हाचे 25,000! माणूस 1946 मध्ये वारला. फॉर्मवर लिहिलेलं, गेल्या पाच वर्षांत डॉक्टर नाही. प्रत्यक्षात 1943 मध्ये रक्तक्षय, पायांना सूज, धाप यासाठी उपचार झालेले. सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये दावा फेटाळला, भरलेले हप्तेही परत नाहीत.

2015 मध्ये कलम 45 बदललं. आता आयुर्विम्याच्या पॉलिसीला तीन वर्षं झाली की कुठल्याच कारणाने ती उकरून काढता येत नाही. यावर आपल्या पारावरची हुशारी अशी: तीन वर्षं गप्प बसा, मग मोकळे. अहो, यम काय कॅलेंडर बघून येतो? फसवणुकीचा हेतू नसेल आणि त्या तीन वर्षांत माहिती चुकीची निघाली, तर दावा जातो आणि निदान हप्ते परत मिळतात; हेतू सिद्ध झाला तर तेही जातात. आणि आरोग्य विम्याचा हिशोब वेगळा आहे. तिथे मुदत सलग पाच वर्षांची, आणि फसवणूक सिद्ध झाली तर पाच वर्षांनंतरसुद्धा सुटका नाही. उलट शुगर लिहून दिली, तर आधीच्या आजारासाठी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं, मग तोही खर्च मिळतो. त्या वाढीव हप्त्याला घाबरून माणसं काय गमावतात, ते बघा.

वयाच्या बाबतीत मात्र कायदा समजूतदार आहे. जुन्या पिढीचे दाखले कुठले? पत्रिकासुद्धा वयाचा दुय्यम पुरावा म्हणून चालत आली आहे. वय चुकलं म्हणून पॉलिसी बुडत नाही, खऱ्या वयाप्रमाणे हिशोब दुरुस्त होतो.

तुम्ही सही केलेल्या फॉर्मची प्रत पॉलिसीसोबत तुम्हाला मिळायला हवी. कपाटात असेल, तर आज काढा आणि 'नाही'समोरच्या खुणा घरच्यांबरोबर वाचा. एखादी खोटी दिसली, तर कंपनीला लेखी कळवा आणि पोच घ्या. पॉलिसी हातात पडून 30 दिवस झाले नसतील, तर ती परतही करता येते.