घरातला एकच मोबाइल आणि मुलांची सुरक्षितता

दौंड सोडून भीमा ओलांडली की नगरच्या वाटेवर काष्टी लागते. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या श्रीगोंदा तालुक्यातील हे गाव शनिवारच्या जनावरांच्या बाजारासाठी दूरवर ओळखले जाते. बैलाचा सौदा करताना तेथे दात पाहतात, चालवून पाहतात, विकणाऱ्याचे गाव विचारतात. अनोळखी माणसाच्या शब्दावर कोणी पैसे मोजत नाही. घरात मुलाच्या हाती मोबाइल देताना मात्र एवढी पारख क्वचितच होते.

२०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि मार्च २०२० मध्ये शाळा बंद पडल्यावर मोबाइल हीच मुलांची पाटी झाली. शाळा उघडल्या, पण पाटी परत घेतली गेली नाही. काष्टीसारख्या गावात काय किंवा पुण्या-मुंबईतील दोन खोल्यांच्या घरात काय, हा फोन बहुधा मुलाचा नसतो. तो वडिलांचा किंवा आईचा असतो. त्यातच बँक, त्यातच नातेवाइकांचे आणि व्यवसायाचे व्हॉट्सॲप गट, त्यातच मुलांचा गृहपाठ. पालकांना दिले जाणारे बहुतेक सल्ले मात्र मुलाकडे स्वतंत्र फोन आहे, हे गृहीत धरतात. गूगलचे ‘फॅमिली लिंक’ हे मोफत साधन उपयुक्त खरे, परंतु ते मुलाच्या स्वतंत्र खात्यावर चालते. सामायिक फोनवर उपाय निराळे योजावे लागतात.

पहिला उपाय ‘ॲप पिनिंग’चा. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये ‘सुरक्षा’ या सदरात ही सोय असते. ती सुरू करून एखादे ॲप पडद्यावर खिळवले, की कुलूप-क्रमांकाशिवाय त्यातून बाहेर पडता येत नाही. अर्थात तो क्रमांक मुलाला ठाऊक नसावा. काही फोनमध्ये दुसऱ्या वापरकर्त्याचे वेगळे दालन उघडता येते; ते मिळाल्यास अधिक चांगले. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीपूर्वी पडताळणी मागण्याची व्यवस्था करावी, म्हणजे खेळातल्या ‘नाण्यां’पायी खाते रिकामे होणार नाही. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, पैसे मिळण्यासाठी कधीच लागत नाही, हे दहा वर्षांच्या मुलालाही समजते. ‘बक्षीस मिळवण्यासाठी पिन टाका’ असा संदेश आला, तर तो खोटा हे त्याला आधीच सांगून ठेवावे.

एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. यूट्यूब ज्या खात्यावर चालते त्या खात्याच्या सवयी लक्षात ठेवते. त्यामुळे वडिलांनी रात्री काय पाहिले, यावर सकाळी मुलीपुढे काय येणार हे काही अंशी ठरते. लहान मुलांसाठी ‘यूट्यूब किड्स’ हे वेगळे ॲप वापरणे त्यामुळेच श्रेयस्कर. व्हॉट्सॲपमध्ये आपल्याला गटात कोण सामील करू शकेल, हे ‘माझे संपर्क’ एवढ्यापुरते मर्यादित करता येते. व्हॉट्सॲप व इन्स्टाग्रामची किमान वयोमर्यादा १३ वर्षे आहे. २०२३ च्या विदा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येकास बालक मानून पालकांची पडताळलेली संमती आवश्यक ठरवली. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि या तरतुदीसाठी १८ महिन्यांची मुदत ठेवण्यात आली.

वेळेच्या प्रश्नावर काही गावांनी सामुदायिक तोडगा काढला. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ पासून सायंकाळी ७ वाजता मंदिरावरील भोंगा वाजे आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद राहत. अहिल्यानगर जिल्ह्यातीलच नेवासे तालुक्यातल्या सौंदाळा ग्रामपंचायतीने २०२४ मध्ये शिवीगाळीवर ५०० रुपये दंड ठरवला. शाळकरी मुलांसाठी सायंकाळी ७ ते ९ या वेळेत मोबाइलबंदीचाही निर्णय घेतला. वडगावच्या प्रयोगातील खरी ताकद मोठ्यांनीही फोन खाली ठेवण्यात होती. मात्र भोंगा वेळ आखून देतो. उरलेल्या वेळात मुलाशी पलीकडून कोण बोलत आहे, हे तो सांगू शकत नाही.

आणि धोका तेथेच असतो. खेळातून किंवा समाजमाध्यमातून ओळख होते, समवयस्क असल्याची बतावणी केली जाते, छायाचित्र मागितले जाते आणि ते हाती येताच ‘आई-वडिलांना पाठवीन’ अशी धमकी सुरू होते. धमकी देणाऱ्याची सारी भिस्त मूल घरी सांगणार नाही यावर असते. फोन हिसकावला जाईल, शाळा सुटेल ही भीती, विशेषतः मुलींच्या मनात, त्या अनोळखी माणसाच्या भीतीपेक्षा मोठी असू शकते. ‘काहीही घडले तरी सांग, फोन काढून घेणार नाही’ हे वचन म्हणूनच प्रसंग येण्यापूर्वी द्यावे लागते आणि नंतर ते पाळावेही लागते.

तसे घडलेच, तर पैसे देऊ नयेत. संभाषण पुसू नये. समोरच्या खात्याचे नाव, क्रमांक, तारीख, वेळ टिपून ठेवावी. मुलाचे छायाचित्र ‘पुरावा’ म्हणून नातेवाइकांना किंवा शिक्षकांना पाठवणे कटाक्षाने टाळावे: अशी सामग्री पुढे पाठवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७-ब खाली स्वतंत्र गुन्हा आहे. फोन तसाच पोलिसांकडे न्यावा. ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा छायाचित्र न मागता केवळ त्याचा सांकेतिक ठसा घेते आणि सहभागी संकेतस्थळांना ते रोखण्यास मदत करते.

गावात बोभाटा होईल, या धास्तीने अनेक कुटुंबे पोलीस ठाण्याची पायरी चढत नाहीत. २०१२ च्या पोक्सो कायद्याने ही अडचण ओळखली आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी घेतला जातो, तो शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यावा आणि त्या वेळी अधिकारी गणवेशात नसावा, असे कलम २४ सांगते. मुलाची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेनुसार गुन्हा कोठेही घडला असला तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवता येते. काष्टीच्या कुटुंबाने श्रीगोंद्याऐवजी दौंड गाठले तरी चालते. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर बालकांविषयीची अश्लील सामग्री नाव न देताही कळवता येते. मुलांसाठी मदत क्रमांक १०९८, तर पैसे गेले असल्यास १९३०; येथे पहिल्या काही तासांत कळवले तर रक्कम वाटेतच गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते.