नागपूर परिसरातील भूशास्त्रीय क्षेत्रकार्याची परंपरा आणि प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांपुढील स्थानिक पर्यावरणाचे प्रश्न

प्रस्तावना

नागपूर शहराच्या पश्चिम भागात लाव्हारसापासून तयार झालेला काळा बेसाल्ट आहे, पूर्वेकडे त्याहून कितीतरी प्राचीन असे पट्टिताश्म व अन्य रूपांतरित खडक आहेत, तर उत्तरेला कामठीच्या बाजूस वालुकाश्माचे थर आढळतात. पृथ्वीच्या इतिहासातील इतके भिन्न कालखंड एका दिवसाच्या प्रवासात पाहता यावेत, अशी शहरे फारशी नाहीत. भारतीय खाण ब्यूरो, मॉइल, वेस्टर्न कोलफील्ड्स आणि राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था (नीरी) यांची मुख्यालयेही याच शहरात आहेत. असे असूनही भूशास्त्राच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याची खडकांशी पहिली ओळख बहुधा प्रयोगशाळेतील क्रमांक दिलेल्या नमुन्यांतून होते. नमुना ओळखता येतो; पण ज्या जमिनीवर आपले घर उभे आहे, तिच्याविषयी त्याला प्रश्न पडत नाहीत.

प्रस्तुत निबंधात नागपूर परिसरातील क्षेत्रकार्याच्या इतिहासाचा आढावा घेऊन एक मुद्दा मांडावयाचा आहे. या परिसरात क्षेत्रकार्याची साधने दीडशे वर्षांत फारशी बदललेली नाहीत, मात्र क्षेत्रकार्याने विचारावयाचा प्रश्न बदलला आहे. ‘जमिनीतून काय मिळेल’ या प्रश्नाच्या जागी आता ‘जे काढले, त्यानंतर जमिनीचे व पाण्याचे काय झाले’ हा प्रश्न उभा आहे. तो विचारण्यास पदव्युत्तर वर्गाची वाट पाहण्याचे कारण नाही.

१. हिस्लॉप यांची पायपीट

नागपूरच्या भूशास्त्राचा आरंभ प्रयोगशाळेत झाला नाही. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले. ते व्यवसायाने भूशास्त्रज्ञ नव्हते. त्यांनी आपले सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह शहराभोवतीच्या टेकड्या, ओढे आणि खाणी यांचे निरीक्षण केले. १८५१ च्या सुमारास टाकळी परिसरात, लाव्हाच्या थरांमध्ये सापडलेल्या गाळाच्या खडकांत त्यांना गोड्या पाण्यातील शंखशिंपल्यांचे व वनस्पतींचे जीवाश्म मिळाले. लाव्हाचे एक आवरण पसरल्यानंतर व दुसरे येण्यापूर्वी येथे तळी होती, त्यांत जीवसृष्टी होती, हे अशा थरांवरून सिद्ध होते. १८५५ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात हिस्लॉप व हंटर यांचा नागपूर परिसराच्या भूरचनेवरील व जीवाश्मांवरील निबंध प्रसिद्ध झाला. सिल्लेवाडा, कामठी या भागांतील वनस्पतिजीवाश्मांचा अभ्यास पुढे चार्ल्स बनबरी यांनी १८६१ मध्ये प्रकाशित केला.

येथे दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली, हिस्लॉप यांच्याजवळ हातोडी, नोंदवही आणि वारंवार त्याच ठिकाणी जाण्याची चिकाटी याखेरीज विशेष साधने नव्हती. दुसरी, त्यांनी भूमी आणि माणूस यांना वेगळे मानले नाही. गोंड समाजाच्या चालीरीती, भाषा व लिंगोची कथा यांविषयीची त्यांची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये संपादित करून प्रसिद्ध केली. ती पाहण्यास हिस्लॉप हयात नव्हते. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळांची पाहणी करून बोरीकडे परतताना ओढ्याच्या पुरात त्यांचा मृत्यू झाला. क्षेत्रकार्य करताना पाण्याचा अंदाज घेणे हा सुरक्षिततेचा पहिला धडा आहे. नागपूरच्या भूशास्त्राच्या इतिहासात तो आरंभीच लिहिला गेला आहे.

२. खनिजांच्या शोधाचा काळ

१८५१ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाची स्थापना झाली, तेव्हा कोळशाचा शोध हे त्याचे प्रमुख प्रयोजन होते. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि या प्रदेशाच्या भूशास्त्रीय पाहणीला प्रशासकीय व आर्थिक महत्त्व आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मनसर, कांद्री, गुमगाव या भागांत मँगनीजच्या खाणी विकसित झाल्या. एल. एल. फर्मोर यांचा भारतातील मँगनीज साठ्यांवरील विस्तृत ग्रंथ १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला. डब्ल्यू. डी. वेस्ट यांनी १९३० च्या दशकात देवलापार परिसरातील खडकांची तपासणी करून तेथे एका खडकसमूहावर दुसरा खडकसमूह आडवा सरकत येऊन पसरल्याचे दाखवून दिले. ही अत्यंत गुंतागुंतीची रचना त्यांनी नकाशा हाती घेऊन, टेकडी-टेकडीवर थरांचा कल मोजून उलगडली.

या काळातील क्षेत्रकार्याचा दर्जा निर्विवाद आहे. तथापि त्याचा प्रश्न साठा किती व कोठे, एवढाच प्रामुख्याने राहिला. उत्खननानंतर मागे राहणारे खड्डे, टाकाऊ दगडमातीचे ढिगारे, त्यांवरून वाहणारे पावसाचे पाणी हे विषय नकाशाच्या कक्षेबाहेर राहिले. महाविद्यालयीन अभ्यासक्रमांनी नकाशावाचन, खनिजओळख व एक वार्षिक सहल ही चौकट याच परंपरेतून स्वीकारली.

३. कोळसा, राख आणि नदी

बदललेल्या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट उदाहरण कामठी-कोराडी पट्ट्यात मिळते. हिस्लॉप यांच्या संग्रहातील ग्लॉसोप्टेरिस या वनस्पतीची पाने ज्या कामठी थरांतील आहेत, त्यांच्या खाली बराकर थर असून त्यांत कोळसा आहे. सुमारे पंचवीस कोटी वर्षांहून जुन्या अरण्यांचा तो अवशेष. कोराडी येथील औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच १९७४ मध्ये सुरू झाला. पुढे खापरखेडा केंद्र उभे राहिले. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण साधारणतः ३० ते ४५ टक्के असते. म्हणजे वीज वापरली जाते, परंतु जाळलेल्या कोळशाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक भाग राखेच्या रूपाने परिसरातच उरतो. केंद्र शासनाने राखेच्या वापरासंबंधीची पहिली अधिसूचना १९९९ मध्ये काढली. तरीही १६ जुलै २०२२ रोजी, अतिवृष्टीच्या दिवसांत, कोराडी केंद्राचा खसाळा येथील राखेचा बंधारा फुटला व राखमिश्रित पाणी शेतांत आणि नदीनाल्यांत पसरले. कोलार नदी कन्हानला मिळते आणि कन्हान ही नागपूरच्या पाणीपुरवठ्याचा एक स्रोत आहे.

या घटनेत प्रथम वर्षाच्या अभ्यासक्रमातील किती प्रकरणे एकत्र येतात, हे पाहण्यासारखे आहे. कोळशाची निर्मिती, गाळाचे वहन व निक्षेपण, कणांचा आकार, उतार, झिरपणे आणि भूजल ही सर्व प्रकरणे त्यात आहेत. नदीकाठावर गाळाचा उभा छेद घेतल्यास करड्या रंगाचा पातळ थर दिसू शकतो. विद्यार्थ्याने त्यास लगेच राख म्हणावयाचे नाही. त्याची जाडी मोजावी, वरच्या व खालच्या थराची नोंद करावी, घटनास्थळाच्या वरच्या अंगाला तसाच थर आहे काय ते तपासावे आणि नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. राखेत गोलाकार काचसदृश कण आढळतात, नदीच्या वाळूचे कण बहुधा टोकदार किंवा अंशतः झिजलेले असतात. हिस्लॉप यांनी टाकळीच्या थरांतून लुप्त तळ्याचा इतिहास वाचला. तीच पद्धत येथे अलीकडच्या घटनेला लागू पडते. थर हा दस्तऐवज आहे आणि दस्तऐवजाची चिकित्सा केल्यावाचून त्यावर विधान करता येत नाही.

४. नाग नदी आणि विहिरी

शहराला नाव देणारी नाग नदी पश्चिमेच्या लाव्हा परिसरातील टेकड्यांतून निघते, अंबाझरी तलावातून पुढे शहर ओलांडते व अखेर कन्हानला मिळते. कन्हान वैनगंगेला मिळत असल्याने शहराचे सांडपाणी गोसीखुर्द धरणाच्या जलाशयापर्यंत पोहोचते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी ओसंडून वाहिला आणि नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. पूररेषा, पात्राची रुंदी, बांधकामामुळे आक्रसलेला प्रवाह यांचे मोजमाप टेप, दोरी व नोंदवही एवढ्यावर करता येते. भिंतींवरील पाण्याच्या खुणा आणि रहिवाशांच्या आठवणी हीदेखील साधने आहेत.

विहिरींचा अभ्यास याहून सोपा आहे. पश्चिमेकडील बेसाल्टमध्ये पाणी भेगांत व झिजलेल्या भागात साठते, पूर्वेकडील पट्टिताश्मात ते मुख्यतः वरच्या मुरमाड आवरणात असते, तर नदीकाठच्या गाळात सलग भूजल मिळते. पश्चिम ते पूर्व अशा एका रेषेवरील विहिरींची पातळी मे महिन्यात आणि पावसाळ्यानंतर मोजली, तर खडक व पाणी यांचा संबंध विद्यार्थ्यास पाठांतराविना समजतो. एका वर्षाची नोंद अल्प ठरते. परंतु दहा तुकड्यांनी त्याच विहिरी मोजल्यास महाविद्यालयाजवळ परिसराचा स्वतःचा अभिलेख तयार होतो.

५. नियम आणि व्यवहार

क्षेत्रकार्यास संस्थात्मक मान्यता नाही, असे म्हणता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षणासंबंधी निर्देश दिले व त्यानंतर २००३ मध्ये त्यांच्या अंमलबजावणीचा आग्रह धरला. विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीसाठी तयार केलेल्या पर्यावरण अभ्यासाच्या अभ्यासक्रमात १०० पैकी २५ गुण क्षेत्रकार्यासाठी ठेवले होते व स्थानिक प्रदूषित स्थळाची भेट सुचविली होती. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आलेल्या नव्या रचनेतही क्षेत्र प्रकल्पाला श्रेयांक आहेत. प्रत्यक्षात मात्र अनेक ठिकाणी हे २५ गुण जुन्या अहवालाच्या नकलेवर व एखाद्या छायाचित्रावर दिले जातात, ही गोष्ट प्राध्यापकवर्गास अपरिचित नाही.

अडचणी खऱ्या आहेत. वर्गातील संख्या मोठी असते, प्रवासखर्चाची तरतूद नसते, खाणीत प्रवेशाची परवानगी मिळत नाही, पालकांना मुलींच्या सुरक्षिततेची चिंता असते. यांवर उपाय दूरच्या सहलीत नसून जवळच्या, लहान व पुन्हापुन्हा करता येणाऱ्या कामात आहे. शेजारच्या मध्य प्रदेशात १९७२ ते २००२ या काळात चाललेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने परिसर हीच प्रयोगशाळा मानून ग्रामीण शाळांतील मुलांकडून निरीक्षण व प्रयोग करवून घेतले. जे शालेय विद्यार्थ्यांना साधले, ते पदवीच्या विद्यार्थ्यांना अशक्य मानता येत नाही.

नवशिक्यांची मोजमापे विश्वसनीय नसतात, हा आक्षेप घेतला जातो. तो अंशतः योग्य आहे. म्हणूनच प्रत्येक मापन दोन गटांनी स्वतंत्रपणे करावे, फरक लपवू नये आणि अहवालात ‘या नोंदींवरून काय सांगता येत नाही’ असा एक परिच्छेद अनिवार्य असावा. उद्योग, पालिका अथवा शेतकरी यांपैकी कोणावरही पुराव्याशिवाय ठपका न ठेवणे आणि पुरावा असल्यास तो न दडविणे, ही दोन्ही शिस्त याच वयात लागू शकते.

निष्कर्ष

नागपूरच्या भूशास्त्राचा पाया एका हौशी अभ्यासकाने पायी फिरून घातला. पुढील पिढ्यांनी त्याच पद्धतीने मँगनीज व कोळसा शोधला आणि या प्रदेशाचे अर्थकारण घडविले. त्या अर्थकारणाचे परिणाम आज राख, सांडपाणी, पूर व खालावणारे भूजल यांच्या रूपाने परिसरात नोंदले जात आहेत. भूशास्त्राचा विद्यार्थी ही नोंद वाचण्यास पात्र आहे, कारण थर वाचण्याचेच शिक्षण त्याला दिले जाते. प्रथम वर्षातील बहुसंख्य विद्यार्थी पुढे भूशास्त्रज्ञ होणार नाहीत. ते शिक्षक, शेतकरी, कर्मचारी, नगरसेवक होतील. आपल्या विहिरीचे पाणी कोठून येते आणि आपल्या नदीत काय मिसळते, हे एकदा स्वतः मोजलेला नागरिक घडविणे, हे या विषयाच्या प्रथम वर्षाचे उद्दिष्ट ठरावे. त्यासाठी प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या परिसरातील एक ओढा, पाच विहिरी आणि एक जाडजूड नोंदवही निश्चित करावी. ती नोंदवही दरवर्षी पुढील तुकडीच्या हाती जावी.