खंडाळ्याच्या घाटातला वर्ग

वडगाव मावळ म्हटले की १७७९ सालची लढाई आणि इंग्रजांना करावा लागलेला तह आपल्याला आठवतो. पण याच मावळ तालुक्याच्या पश्चिम टोकाला, खंडाळ्याच्या घाटात, आणखी एक मोहीम झाली. तिच्यात तोफा नव्हत्या, टिपकागद आणि भिंगे होती!

फादर सांतापाऊ मूळचे स्पेनचे. १९२८ साली ते हिंदुस्थानात आले आणि पुढे मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. खंडाळ्याला ते निरनिराळ्या ऋतूंत पुन:पुन्हा येत राहिले, आणि १९५३ साली तिथल्या वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

तुम्ही म्हणाल, झाडांची यादी, त्यात काय एवढे? अहो, एकदा करून पाहा! रोप फुलासकट उपटायचे, कागदांत दाबायचे; मावळातल्या पावसात कागद वेळेवर बदलले नाहीत तर बुरशी आलीच. वाळल्यावर फुलाचा रंग उडतो, म्हणून तो जागच्या जागी लिहून ठेवायचा. शिवाय गाव, तारीख, जमीन कशी, सावली किती. मग भिंगाखाली पुंकेसर मोजून थिओडोर कुक यांच्या मुंबई इलाख्याच्या ग्रंथातील वर्णनाशी ताडायचे. (हे कुकसाहेब, बरे का, पेशाने इंजिनिअर!) जुळले नाही, तर 'जुळत नाही' असेच लिहायचे. मला विचाराल तर विद्यापीठात शिकण्याजोगे सर्वांत अवघड कौशल्य हेच. पाठ केलेली नावे परीक्षेनंतर विसरतात. स्वत: मोजलेले सहसा विसरत नाही.

आणि धीर हवा. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच सामूहिक फुलते. तीन वर्षांत पदवी घेणाऱ्याला कदाचित ती फुललेली दिसायचीही नाही. त्याला आधीच्या कोणाच्या तरी नोंदीवर विसंबावे लागते, आणि आपली नोंद पुढच्यासाठी ठेवावी लागते.

या नोंदींची किंमत आज कळते. १९५३ नंतर घाटात बंगले वाढले, २००२ साली द्रुतगती मार्ग पुरा झाला. एखादे रोप इथून नाहीसे झाले, असे आज कोणी म्हटले, तर पूर्वी ते इथे होते याचा पुरावा कुठला? तारीख घातलेला, वाळलेल्या रोपाचा तो कागद!

तेव्हा पुढच्या पावसाळ्यात तुमची मुले लोणावळ्याला निघाली, तर पिशवीत एक वही आणि चार जुनी वर्तमानपत्रे ठेवायला सांगा. भजी बांधून आणण्यासाठी नव्हेत.