वेळ अमावस्या (येळवस)

बिदर, कलबुर्गी आणि लगतच्या लातूर, धाराशिव जिल्ह्यांतला रब्बीचा शेतसण. मार्गशीर्षाच्या अमावस्येला येतो. बोलीत ‘येळवस’, कन्नडमध्ये ‘एळ्ळ अमावास्ये’. कन्नड ‘एळ्ळु’ म्हणजे तीळ. मराठीतला ‘वेळ’ त्यावरूनच आलेला असावा, घड्याळाशी त्याचे नाते लावणे ओढूनताणून होते.

त्या दिवशी भालकी, औराद, आळंदकडची गावे ओस पडतात, सारी माणसे रानात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभारून आत पाच पांडव म्हणून पाच दगड मांडतात. जेवणात बाजरीचे उंडे, ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील आणि भज्जी. ही तळलेली भजी नव्हेत: तुरीचे ओले दाणे, हरभऱ्याचे सोलाणे, वाल आणि पालेभाज्या चिंचेच्या कोळात व डाळीच्या पिठात शिजवलेले घट्ट कालवण. हे सगळे एकदम ओले मिळण्याचे दिवस थोडेच. सण दरवर्षी त्यांतच पडतो, आणि तो तसा पडावा याची सोय पंचांगात आहे.

चंद्र पृथ्वी-सूर्याच्या मध्ये आला की अमावस्या. दोन अमावस्यांत सरासरी साडेएकोणतीस दिवस. बारा चांद्रमासांचे 354 दिवस होतात, सौरवर्षाला 11 कमी. म्हणून येळवशीची तारीख सरकत राहते. 2022 साली ती 23 डिसेंबरला होती. 2023चा अधिक श्रावण मध्ये आला आणि पुढची थेट 11 जानेवारी 2024ला पडली. नंतर 30 डिसेंबर 2024, 19 डिसेंबर 2025 अशी ती पुन्हा मागे सरकली. सुमारे साडेबत्तीस महिन्यांनी येणारा अधिकमास हा तोल सावरतो.

अधिकमास नसता तर काय झाले असते, हे कलबुर्गीतच दिसते. तिथले सूफी संत ख्वाजा बंदेनवाज 1422 सालच्या नोव्हेंबरात, थंडीच्या तोंडावर निवर्तले. त्यांचा उरूस जिल्काद महिन्यात भरतो. हिजरी वर्ष निव्वळ चंद्राचे, त्यामुळे उरूस सुमारे 33 वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो; सध्या तो उन्हाळ्यात आहे.

येळवशीच्या सुमारास सूर्य मकरवृत्तापाशी असतो. बिदरला भर दुपारीही तो क्षितिजापासून पन्नास अंशांच्या आसपासच राहतो, दिवस अकरा तासांचा. ऊन सौम्य, पहाटे दव. काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर शाळू तगतो तो याच्याच बळावर. 2019 साली याच अमावस्येला, 26 डिसेंबरच्या सकाळी, सूर्यग्रहण झाले. या भागात ते खंडग्रास दिसले.

सांजेला कडब्याची पेटती पेंढी पिकांवरून ओवाळतात. आकाशात चंद्र नसतो. पूर्वेला मृग नक्षत्र वर येत असते. जूनमध्ये सूर्य त्याच नक्षत्रात शिरला, तेव्हा याच रानात तुरीची पेरणी झालेली असते.