खानावळीची वही

कंपनीतून रिटायर झालो आणि मोशीतल्या एका खानावळीच्या गल्ल्यावर बसू लागलो. संध्याकाळचे तीन तास, एवढंच काम. १९९५च्या कर्मचारी पेन्शन योजनेतलं पेन्शन किती पुरतं ते इथल्या कुठल्याही जुन्या कामगाराला विचारा; त्याची किमान रक्कम २०१४पासून महिना १,००० रुपये आहे. पण मी केवळ पैशासाठी बसत नाही. सारी नोकरी मशीनच्या आवाजात गेली, शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागे. इथं ताट येईपर्यंत माणूस निवांत बोलतो. "कुठला रे तू? परभणी? पाऊस झाला का तिकडं?" एवढ्यावर पोरगा खुलतो आणि हात धुवून जाताना "काका, येतो" म्हणतो. मला ते फार आवडतं.

खानावळीचा हा धंदा वाढला मुंबईच्या गिरणगावात. कोकणातून, घाटावरून एकटे पुरुष गिरणीत आले. त्यांना जेवू घातलं चाळीतल्या बायकांनी. कामगार पैसे देणार पगारानंतर, वाणी मात्र थांबत नसे. मधल्या दिवसांचा भार बाईच्या डोक्यावर, म्हणजे सावकाराचं कर्ज. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या खानावळवाल्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं आणि राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज त्यांच्या हाती पडू लागलं. माझ्या मते कामगार चळवळीच्या इतिहासात या कामाला मोठं पान हवं. ताट वाढणारीही कामगारच होती.

आमच्या पट्ट्यात गोष्ट जरा वेगळी. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, मग मोठमोठ्या कंपन्या. १९४८च्या कारखाने कायद्यात २५०हून जास्त कामगार असलेल्या कारखान्यासाठी कॅन्टीनची तरतूद होती. भोसरीतली वर्कशॉप तर दहा-वीस माणसांची! तिथल्या पोरांना खानावळच. मीही त्यातलाच, कॉट बेसिसवर राहणारा.

मी जिथं जेवायचो त्या खानावळीच्या मावशींची वही मला अजून आठवते. लाल बांधणीची, नावापुढे रोजच्या दोन जेवणांच्या खुणा. गावाला गेलं की खाडा. पण आदल्या दिवशी सांगितलं तरच पैसे वजा. पगाराची तारीखही तेव्हाच्या कायद्यानं बांधलेली: हजाराच्या आत कामगार असतील तर ७ तारखेपर्यंत, जास्त असतील तर १०पर्यंत. मावशी त्याप्रमाणे किराण्याची उधारी भागवत. गुरुवारी इकडं कंपन्यांना सुट्टी, पण आमच्यातले बरेच जण गुरुवार पाळणारे, म्हणून मटण बुधवारी रात्री. सेकंड शिफ्ट सुटून आलेल्यांसाठी रस्सा वेगळ्या पातेल्यात झाकून ठेवलेला असे. नवीन पोराला पहिला पगार होईपर्यंत त्या पैसे मागत नसत. त्याच्या गावचं कोण कुठं राहतं हे मात्र पहिल्याच दिवशी विचारून घेत. उधारीला तेवढाच जामीन.

त्या काळी मोशी म्हणजे शेतं, नागेश्वराचं देऊळ आणि पुढं इंद्रायणी. १९९७ साली गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. नंतर नदीपलीकडं चाकणला गाड्यांचे कारखाने उभे राहिले, नाशिक रस्त्यावर खोल्या, लॉज, मेस वाढत गेल्या. आता नांदेड, जळगाव, यवतमाळबरोबर ओडिशा, झारखंडची पोरंही येतात. भाताचं पातेलं त्यांच्यामुळं वाढलं.

बदल एक झालाय आणि तो मला टोचतो. आम्ही लग्न होऊन बिऱ्हाड थाटेपर्यंत एकाच खानावळीचे मेंबर. आत्ताची पोरं कंत्राटी. काही महिन्यांनी ब्रेक मिळाला की खोली सोडतात. महिन्याचं खातं उघडायची हिंमत ना त्यांना होते, ना मालकाला. ताटागणिक पैसे, मोबाइलवरून. हिशेब चोख राहतो, पण ओळख व्हायला वेळच उरत नाही. म्हणून मी पैसे जमा झाल्याचा आवाज आला तरी पोराला लगेच सोडत नाही, दोन गोष्टी विचारतोच. शिफ्ट कुठली, आईचं दुखणं कसं आहे. मालकांनी परवा परवानगी दिली, ओळखीच्या पाच-सहा जणांचं महिन्याचं खातं मी पुन्हा सुरू केलंय.

कारखान्यांच्या इतिहासाची जाडजूड पुस्तकं निघतात. भोसरी-पिंपरीतल्या खानावळवाल्या बायकांच्या वह्या कुणाच्या माळ्यावर पडल्या असतील, तर रद्दीत घालू नका. त्यात कुठल्या जिल्ह्यातून कोण आलं, किती महिने टिकलं आणि कुठल्या साली ताटाचा भाव काय होता, हे सगळं लिहिलेलं आहे.