वेस्ट व्हर्जिनियाचा कौल

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाच्या इच्छुकाला विरोधकांशी झुंजण्याआधी स्वपक्षाची उमेदवारी मिळवावी लागते. त्यासाठी राज्याराज्यांतून होणाऱ्या प्रायमरी निवडणुकांपैकी आरंभीच्या लढतींचे मोल त्यांतील मतसंख्येहून कितीतरी अधिक असते. १९६० सालचा इतिहास याची साक्ष देतो.

त्या काळी प्रायमरी मोजक्याच राज्यांत होत. उमेदवार ठरे तो पक्षाच्या अधिवेशनात, आणि तेथील बहुसंख्य प्रतिनिधी राज्यांतील पक्षनेत्यांच्या शब्दाने चालत. डेमोक्रॅटिक पक्षाचे तरुण सिनेटर जॉन केनेडी कॅथलिक होते, आणि नेत्यांच्या मनात १९२८ची जखम ताजी होती. त्या वर्षी पक्षाचे कॅथलिक उमेदवार अल स्मिथ यांचा दारुण पराभव झाला होता. दारूबंदीला त्यांचा असलेला विरोध आणि देशातील तेव्हाची सुबत्ता हीही त्याची कारणे होती. परंतु कॅथलिक माणूस निवडून येत नाही, एवढाच धडा स्मरणात उरला. पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर डेव्हिड लॉरेन्स स्वतः कॅथलिक, तरीही तेच साशंक होते!

५ एप्रिल रोजी विस्कॉन्सिनमध्ये केनेडींनी ह्यूबर्ट हम्फ्री यांना हरवले. पण हा विजय कॅथलिक मतांचा, असा अर्थ लावला गेला आणि यशातूनच नवी शंका जन्मली. आता कसोटी होती वेस्ट व्हर्जिनियात. तेथे कॅथलिक अगदीच मूठभर. केनेडींनी धर्माचा प्रश्न टाळला नाही. नौदलात दाखल होताना आपला धर्म कोणी विचारला नव्हता, याची त्यांनी मतदारांना आठवण करून दिली. १० मे रोजी त्यांना सुमारे ६१ टक्के मते मिळाली आणि हम्फ्री यांनी माघार घेतली. केनेडींच्या प्रचारात पैसा पाण्यासारखा वाहिला, हा आक्षेपही इतिहासाने नोंदवला आहे.

हा कौल अधिवेशनातील प्रतिनिधींवर बंधनकारक नव्हता. तरीही त्याने नेत्यांची भीती घालवली. जुलैमध्ये लॉस एंजेलिसच्या अधिवेशनात पहिल्याच फेरीत केनेडींना उमेदवारी मिळाली आणि नोव्हेंबरमध्ये ते राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले.

१९६८नंतर पक्षाचे नियम बदलले. बहुतेक प्रतिनिधी प्रायमरीतूनच ठरू लागले. २०२० साली जो बायडन हे दुसरे कॅथलिक राष्ट्राध्यक्ष निवडून आले, तेव्हा त्यांचा धर्म उमेदवारीच्या आड आला नाही. प्रॉटेस्टंट खाणकामगारांच्या त्या डोंगराळ राज्याने ती वाट साठ वर्षांपूर्वीच मोकळी केली होती.