रविवारच्या वेळापत्रकातील समाज : १९६० च्या दशकातील बीबीसी दूरचित्रवाणीचा एक अभ्यास

प्रस्तावना

दूरचित्रवाणीचा इतिहास बहुधा गाजलेल्या कार्यक्रमांचा, नामवंत निर्मात्यांचा अथवा तंत्रज्ञानातील सुधारणांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. एखादा कार्यक्रम कोणत्या वारी, किती वाजता आणि कशाच्या आधी वा नंतर दाखविला गेला, हा तपशील गौण मानला जातो. वस्तुतः वेळापत्रक हे समाजाने स्वतःच्या वेळेची केलेली वाटणी असते. कोणाला कोणती वेळ मिळाली, कोणाची वेळ राखून ठेवली गेली आणि कोणाला गैरसोयीच्या वेळेवर समाधान मानावे लागले, यावरून त्या समाजातील सत्तासंबंधांचे आकलन होऊ शकते.

प्रस्तुत लेखात १९६० च्या दशकातील बीबीसी दूरचित्रवाणीच्या रविवारचा या दृष्टीने विचार केला आहे. उदाहरणे त्या दशकातील वेगवेगळ्या रविवारांची असली, तरी त्यांची मांडणी सकाळ ते रात्र अशा क्रमाने केली आहे. रविवारचे पावित्र्य राखण्यासाठी राज्यसंस्था व चर्च यांनी वेळापत्रकाचा कुंपणासारखा उपयोग केला; परंतु या कुंपणाच्या दोन्ही बाजूंना जे उगवले, त्यानेच जुन्या रविवारचे रूप पालटले, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

रविवार, कायदा आणि प्रक्षेपणाचे तास

ब्रिटनमधील रविवार हा केवळ सुट्टीचा वार नव्हता. १७८० च्या रविवार-पालन कायद्यानुसार रविवारी प्रवेशमूल्य घेऊन सार्वजनिक करमणूक करण्यास मनाई होती. १९३२ च्या कायद्याने स्थानिक संमतीच्या अटीवर चित्रपटगृहांना सवलत मिळाली. नाट्यगृहांना मात्र त्यासाठी १९७२ पर्यंत थांबावे लागले. वेल्समध्ये तर १८८१ च्या कायद्याने मद्यगृहेही रविवारी बंद असत. त्याबाबत जिल्हावार मतदान घेण्याची तरतूद १९६१ मध्ये झाली.

अशा निर्बंधांच्या वातावरणात दूरचित्रवाणी घराघरांत शिरली. १९६० मध्ये दूरचित्रवाणी परवान्यांची संख्या सुमारे १ कोटी ५ लाख होती; १९६५ मध्ये ती सुमारे १ कोटी ३२ लाखांवर पोहोचली. बाहेरच्या करमणुकीवर कायद्याचे बंधन आणि घरातील करमणूक मात्र हाताशी, अशी ही स्थिती होती. तथापि घरातील पडदाही पूर्णपणे मुक्त नव्हता. प्रक्षेपणाच्या तासांवर शासनाचे नियंत्रण असे आणि ते १९७२ च्या आरंभी उठविले जाईपर्यंत टिकले. उपासना आणि वेल्श भाषेतील कार्यक्रम यांना या नियमांत सवलत होती. म्हणजेच कशाला ‘करमणूक’ म्हणावे आणि कशाला म्हणू नये, याचा निर्णय वेळापत्रकातच अंतर्भूत होता.

सकाळ : परदेशस्थांसाठी राखलेली वेळ

ऑक्टोबर १९६५ मध्ये बीबीसीने रविवारी सकाळी ‘अपना ही घर समझिये’ हा कार्यक्रम सुरू केला. भारत व पाकिस्तान येथून आलेल्या स्थलांतरितांसाठी हिंदुस्थानी भाषेत तयार होणाऱ्या या कार्यक्रमाची निर्मिती बर्मिंगहॅम येथील स्वतंत्र विभागाकडे होती. महेंद्र कौल हे त्याचे परिचित निवेदक होत. या कार्यक्रमाची पार्श्वभूमी ध्यानात घेणे आवश्यक आहे. १९६२ च्या कायद्याने राष्ट्रकुलातील नागरिकांच्या प्रवेशावर निर्बंध आणले होते, तर १९६४ च्या सार्वत्रिक निवडणुकीत बर्मिंगहॅमलगतच्या स्मेथविक मतदारसंघात वंशविद्वेषी प्रचाराने विजय मिळविला होता. नवागतांना इंग्रजी शिकविणे, स्थानिक रीतिरिवाज व शासकीय सेवा यांची माहिती देणे आणि त्याबरोबर त्यांच्या संगीताला स्थान देणे, असे या कार्यक्रमाचे स्वरूप होते.

या वेळेचा अर्थ दुहेरी आहे. रविवार हा कारखान्यांतून पाळ्या करणाऱ्या कामगारांचा मोकळा वार होता. अनेक शहरांतील आशियाई मंडळी याच दिवशी चित्रपटगृह भाड्याने घेऊन हिंदी चित्रपट पाहत असत. त्या दृष्टीने ही वेळ सोयीची होती. परंतु बहुसंख्य इंग्रज कुटुंबे दूरचित्रवाणी संचाकडे वळत नसत अशीच ती वेळ होती, हेही तितकेच खरे. ज्याला ‘हे घर आपलेच समजा’ असे सांगितले, त्याला घरातील इतर मंडळी उठण्यापूर्वीच भेटीस बोलाविले, असे या वेळापत्रकाचे वर्णन करता येईल.

भाषेच्या निवडीतही अशीच तडजोड होती. हिंदी व उर्दू यांना जोडणारी हिंदुस्थानी अनेकांना समजत असली, तरी पंजाबी, गुजराती, बंगाली किंवा मराठी मातृभाषा असलेल्या श्रोत्याला ती दुसऱ्याच्या भाषेतील हाक होती. लंडनमध्ये १९३२ पासून महाराष्ट्र मंडळ कार्यरत होते. परंतु अशा छोट्या भाषिक समूहांना राष्ट्रीय वेळापत्रकात स्वतंत्र स्थान नव्हते. असे असले तरी या प्रारंभाचे महत्त्व कमी होत नाही. १९६८ मध्ये सुरू झालेल्या ‘नयी ज़िंदगी नया जीवन’ या कार्यक्रमाने ही परंपरा पुढे १९८० च्या दशकापर्यंत नेली.

दुपार : कुटुंबाचा रविवार

दुपारच्या प्रहरी शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम, चित्रपट आणि चहाच्या वेळी अभिजात कादंबरीवरील मालिका, असा क्रम प्रेक्षकांच्या अंगवळणी पडला होता. संपूर्ण कुटुंब एकत्र बसून डिकन्ससारख्या लेखकांच्या कथा पाहील, ही त्यामागील अपेक्षा होती. परंतु कौटुंबिक वेळ म्हणजे निर्धोक वेळ नव्हे, याचा प्रत्यय १९६२ मधील ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ने आणून दिला. त्यातील नॅन्सीच्या खुनाचे दृश्य मुले पाहत असलेल्या वेळी दाखविल्याबद्दल तक्रारी झाल्या. कादंबरी शतकाहून अधिक जुनी होती. आक्षेप मजकुरापेक्षा वेळेवर अधिक होता, ही बाब येथे लक्षणीय ठरते.

२० एप्रिल १९६४ रोजी बीबीसीची दुसरी वाहिनी सुरू झाल्यावर १९६५ पासून रविवारी दुपारी मर्यादित षटकांचे क्रिकेटही पडद्यावर आले. या सामन्यांच्या लोकप्रियतेतूनच १९६९ मध्ये प्रत्येकी ४० षटकांची रविवारची स्पर्धा अस्तित्वात आली. सामना एका दुपारीत संपावा म्हणून गोलंदाजांच्या धावेवरही मर्यादा घालण्यात आली होती. खेळाचे नियमच वेळापत्रकाशी जुळवून घेऊ लागले, याचे हे ठळक उदाहरण होय. इंग्लंडमधील कसोटी सामन्यात रविवारी खेळ होण्यास मात्र १९८१ साल उजाडावे लागले.

सायंकाळ : बंद कालावधी

रविवारच्या वेळापत्रकाचा केंद्रबिंदू सायंकाळी ६.१५ ते ७.२५ हा काळ होता. चर्चमधील सायंप्रार्थनेच्या या वेळेत दूरचित्रवाणीने भाविकांना घरी अडकवू नये, या हेतूने तो ‘बंद कालावधी’ ठरविण्यात आला होता. इतर वारी सायंकाळी ६ ते ७ प्रक्षेपण बंद ठेवण्याची प्रथा फेब्रुवारी १९५७ मध्ये संपली. रविवारचे बंधन मात्र राहिले. पुढे या वेळेत धार्मिक कार्यक्रमांना परवानगी मिळाली. बीबीसी आणि व्यापारी तत्त्वावरील आयटीव्ही या दोहोंनाही तोच नियम लागू असल्याने प्रेक्षकापुढे पर्याय उरत नसे.

याच कालावधीत १ ऑक्टोबर १९६१ रोजी ‘साँग्ज ऑफ प्रेझ’ हा सामूहिक स्तोत्रगायनाचा कार्यक्रम सुरू झाला. त्याचे पहिले प्रक्षेपण वेल्समधील कार्डिफ येथील एका बॅप्टिस्ट प्रार्थनामंदिरातून झाले. वेल्श भाषेतील तशाच कार्यक्रमाची पार्श्वभूमी त्याला होती. केंद्रवर्ती इंग्रजी वाहिनीने परिघावरील भाषेकडून घेतलेले हे ऋण होते.

येथे एक अंतर्विरोध दिसून येतो. चर्चचे संरक्षण करण्यासाठी राखलेल्या वेळेने चर्चच घरात आणले. वृद्ध व आजारी यांना त्याचा लाभ झाला, हे निर्विवाद आहे. परंतु आरामखुर्चीत बसून स्तोत्रे ऐकता येत असताना पावसाळी सायंकाळी बाहेर का पडावे, हा प्रश्नही त्याबरोबर निर्माण झाला. मंडळीत उभे राहून गाणारा उपासक हळूहळू प्रेक्षक बनू लागला.

रात्र : कुंपणापलीकडील सत्ता

७.२५ नंतरची वेळ नाट्य, चित्रपट आणि कला यांची होती. ह्यू व्हेल्डन यांच्याशी निगडित ‘मॉनिटर’ या कलाविषयक कार्यक्रमातून ११ नोव्हेंबर १९६२ रोजी केन रसेल यांचा संगीतकार एल्गार यांच्यावरील चित्रपट दाखविला गेला आणि माहितीपटाच्या शैलीला नवे वळण मिळाले.

तथापि रविवारच्या रात्रीचे सामर्थ्य खऱ्या अर्थाने सिद्ध केले ते ‘द फोर्साइट सागा’ या २६ भागांच्या मालिकेने. जॉन गॉल्सवर्दी यांच्या कादंबऱ्यांवरील ही मालिका १९६७ मध्ये प्रथम दुसऱ्या वाहिनीवर शनिवारी दाखविली गेली. ती वाहिनी पाहण्यासाठी नवे संच लागत असल्याने प्रेक्षकवर्ग मर्यादित राहिला. ८ सप्टेंबर १९६८ पासून पहिल्या वाहिनीवर रविवारी सायंकाळी तिचे पुनःप्रक्षेपण सुरू झाले आणि १९६९ मधील अखेरच्या भागाला सुमारे १ कोटी ८० लाख प्रेक्षक लाभले. मालिका चुकू नये म्हणून काही चर्चनी सायंप्रार्थनेची वेळ बदलल्याचे वृत्तान्त त्या काळी गाजले. दशकाच्या आरंभी दूरचित्रवाणी चर्चच्या वेळेनुसार थांबत होती. दशकाच्या अखेरीस चर्च दूरचित्रवाणीच्या वेळेनुसार आपली घंटा वाजवू लागले. विशेष म्हणजे हा बदल कोणा नास्तिक चळवळीने घडविला नाही, तर मालमत्ता, प्रतिष्ठा आणि विवाहबंधन यांत गुरफटलेल्या एका व्हिक्टोरियन कुटुंबाच्या कथेने घडविला.

साधनांचा प्रश्न

या अभ्यासात वेळापत्रकाला साधन म्हणून महत्त्व येण्याचे आणखी एक कारण आहे. चित्रफीत महाग असल्याने त्या काळातील असंख्य कार्यक्रम पुसून टाकण्यात आले. १३ जानेवारी १९६३ च्या रविवारी प्रक्षेपित झालेल्या ‘मॅडहाउस ऑन कॅसल स्ट्रीट’ या नाटकात तरुण बॉब डिलन यांनी भाग घेतला होता. त्याची चित्रफीत १९६८ मध्ये नष्ट करण्यात आली. पुढे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या कलावंताची ही गत, तर स्थलांतरितांसाठीच्या दैनंदिन स्वरूपाच्या कार्यक्रमांचे मोल कोण जाणणार? अशा वेळी ‘रेडिओ टाइम्स’ या साप्ताहिकातील छापील नोंदी हाच मुख्य आधार उरतो. २०१४ पासून त्या नोंदी संगणकीय स्वरूपात अभ्यासकांना खुल्या झाल्या आहेत. मात्र छापील नोंदीवरून काय दाखवायचे ठरले होते ते कळते. पाहणाऱ्याच्या मनात काय उमटले ते कळत नाही, याचे भान ठेवले पाहिजे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. एक, रविवारचे वेळापत्रक हे धर्म, शासन आणि प्रसारमाध्यम यांच्यातील वाटाघाटीचे फलित होते. दोन, या वाटाघाटीत ज्यांचा आवाज क्षीण होता त्यांनाही जागा मिळाली. परंतु ती दिवसाच्या कडेला मिळाली. तीन, नियमाने वेळ राखता येते, श्रद्धा राखता येत नाही. १९७२ मध्ये प्रक्षेपणाच्या तासांवरील नियंत्रण उठले, तेव्हा जुना रविवार कायद्याने संपुष्टात आणण्याची गरजच फारशी उरली नव्हती. लोकांनी तो आपापल्या दिवाणखान्यात आधीच बदलला होता. सार्वजनिक माध्यमाची वेळ कोणाची, हा प्रश्न त्यानंतरही सुटलेला नाही. त्याचे उत्तर शोधणाऱ्या इतिहासाच्या अभ्यासकाने गाजलेल्या कार्यक्रमांच्या बरोबरीने त्यांच्या मागे-पुढे छापलेल्या वेळांकडेही पाहणे अगत्याचे आहे.